कच्च्या रंगाचा पट्टा

सामोथ्राके, बेटाचा दक्षिण किनारा. नव्या चंद्राची तिसरी.

स्टिल्पोन,

हे पत्र उत्सव संपला त्याच दिवशी लिहायला बसणार होतो. बसलो नाही. आधी बोरू सापडेना. सापडला तर शेळीनं त्याचं टोक चावून ठेवलं. मग पलीकडच्या वस्तीवर लग्न निघालं, तिथं माझ्या सोबतच्या मिकाला बासरी वाजवायला बोलावलं आणि मी तिच्या मागोमाग जेवायला गेलो. परत आलो तर पपायरसचा तुकडा उंदरानं कुरतडलेला. पण उंदराला कशाला दोष देऊ? मीच टाळत होतो. ताटातला आवडीचा घास माणूस शेवटाला ठेवतो ना, तसं चाललं होतं माझं.

पत्राच्या डोक्यावर 'आनंदात राहा' असं लिहायची रीत आहे. ती मी मुद्दाम पाळत नाही.

तुला वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर माझा मित्र सिमोस तुझ्या जहाजावर आहे. लेम्नोसला हे पत्र तुझ्या हाती पडलं की तू त्यालाच हाक मारशील, "अरे पोरा, हे वाच बघू." आणि तुला ऐकू कमी येतं म्हणून तो मोठ्यानं वाचेल. तुझे सगळे खलाशी तिथंच दोर गुंडाळत बसलेले असतील. त्यांनीही ऐकावं, अशी माझी फार इच्छा आहे. सिमोस, इथं अडखळू नकोस. वाच पुढं.

मी कोण, ते आधी सांगतो. उत्सवात तुझ्या शेजारी मांडी घालून बसलेला, तुझ्याच पेल्यातून प्यालेला, स्वतःला अब्देराचा म्हणवणारा तो दाढीवाला पोरगा आठवतो? अब्देराशी माझा काही संबंध नाही. मी मारोनियाचा दामिस. बंदराशेजारी जाळी विणणारी बाई आठवते ना? तिचा थोरला. गुरुजींनी छडी तुटेपर्यंत मारलं तेव्हा शाळेतून पळालेला आणि मग घरातूनही पळालेला. तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा मला मिसरूड नव्हती. आम्ही दोघे भाऊ तुला काका म्हणायचो. मी ते आता सोडलं आहे. थाल्लोस मात्र अखेरपर्यंत म्हणत होता.

थाल्लोस. माझा धाकटा भाऊ, तुझ्या जहाजावर कामाला लागलेला. आठवतो?

आईला तू सांगितलंस, "लाट आली, वहिनी, आणि पोरगं दिसेनासं झालं." तेव्हा मी दूर डोंगरात मेंढ्या हाकत होतो. मला कळायला दोन उन्हाळे गेले. आईनं तोवर रिकामंच थडगं बांधलं होतं. आत त्याची चप्पल आणि वाटी पुरली होती, दुसरं काय पुरणार? आणि त्या दुखवट्याच्या जेवणाला तू आलास. आई म्हणते, तू दोनदा वाढून घेतलंस.

खरं काय झालं ते मला थासोसच्या एका गुत्त्यात कळलं. तुझा एक जुना वल्हेकरी चार पेल्यांनंतर रडायला लागला. जहाजामागं दोरानं बांधलेली छोटी होडी, तिच्यात थाल्लोस पाणी उपसत बसलेला. वारा फिरला, होडी भरली आणि जहाजाला मागं ओढायला लागली. तू कुऱ्हाड घेतलीस आणि दोर तोडलास. वल्हेकरी म्हणाला, पोरगं 'काका, काका' म्हणून ओरडत होतं, त्याला वाटलं तुझा हात चुकला.

आता दिवा विझायला आलाय आणि आम्ही जिच्याकडं राहतो ती शेळ्यांची मालकीण तेलावरून कुरकुर करते. बाकीचं नंतर.

तिथंच. चंद्राची पाचवी.

काल लिहिणार होतो. पण एक शेळी कड्यावर अडकली आणि तिला उतरवण्यात दिवस गेला. शेळीला उतरताना भीती वाटते, चढताना नाही. असो. नाहीतरी उत्तरेचा वारा असा सुटलाय की एकही कोळी होडी पाण्यात ढकलायला तयार नाही. वारा पडला की स्पंज काढणारा एक जण लेम्नोसला जाणार आहे, तो पत्र नेईल.

तर उत्सव.

आम्ही तिघं इथं आलो ते देवांसाठी नव्हे. मिकाला बासरीची कामं मिळणार होती. सिमोसला फुकटचं मटण मिळणार होतं. आणि तू दीक्षा घ्यायला येणार आहेस, हे मी बंदरात ऐकलं होतं. माझ्या मनात तेव्हा मारामारीही नव्हती, विश्वास ठेव नाहीतर नको ठेवूस. मला एकच हवं होतं. इथल्या थोर देवांची दीक्षा घ्यायची तर आधी पुजाऱ्यासमोर उभं राहून आयुष्यातलं सगळ्यात वाईट कृत्य सांगावं लागतं. राजा असो, गुलाम असो, बाई असो, सुटका नाही. म्हटलं, इथं तरी म्हातारा थाल्लोसचं नाव घेईल. ते नाव तुझ्या तोंडून एकदा ऐकायचं आणि मग पुढचं पुढं.

ओढा ओलांडून देवस्थानात गेलो तेव्हा रांग पार वरच्या दगडी पायऱ्यांपर्यंत गेली होती. सिमोस आमच्यापुढं होता. पुजारी म्हातारा, थकलेला, नाक शिंकरत बसलेला. त्यानं विचारलं, "सगळ्यात वाईट काय केलंस?"

सिमोस म्हणाला, "महाराज, त्यांचं आपसात भांडण आहे. पहिला नंबर कुणाचा ते ठरेना."

"एक सांग."

"एक सांगितलं तर बाकीची रुसतील."

पुजाऱ्यानं नुसतं पाहिलं. तेवढ्या पाहण्यानं आमचा सिमोस पांढराफटक पडला, वळला आणि जो सुटला तो थेट मटणाच्या चुलीपाशी जाऊन थांबला. दीक्षा नाही, आणि दीक्षेनंतर पोटाला बांधतात तो बुडण्यापासून राखणारा जांभळा पट्टाही नाही. मिका म्हणाली, "सिम्या, आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलायची वेळ आली आणि तू पळालास!" तर तो म्हणतो, "खोटं बोलण्यापेक्षा पळालेलं बरं. देवांशी खोटं बोललं तर समुद्रात कुठं पळणार?"

सिमोस, हे वाचताना हसलास ना? पुढचं वाचताना हसू नकोस.

मग तू. माझ्यापुढं तू होतास आणि आयुष्यभर वाऱ्यावर ओरडून तुझा आवाज असा झालाय की तुझी कुजबुज चार माणसांना ऐकू जाते. मी श्वास धरून उभा होतो.

तू म्हणालास, "बापाचं खेचर. म्हातारं झालं होतं. खायला घालायला नको म्हणून मी ते कड्यावरून ढकललं. ते माझ्याकडं बघत होतं."

पुजारी म्हणाला, "इतकंच?"

"इतकंच."

आणि तू रडलास, स्टिल्पोन. खेचरासाठी. नाक पुसलंस आणि हलक्या पावलांनी आत गेलास.

माझी पाळी आली. पुजाऱ्यानं तेच विचारलं. मी म्हणालो, "सगळ्यात वाईट अजून केलेलं नाही." तो म्हणाला, "देव झालेलं विचारतात, होणारं नाही. मागं लोक उभे आहेत, लवकर बोल." मी काहीतरी बोललो. काय, ते तुझं काम नाही. आत पुढं काय होतं ते लिहायला बंदी आहे आणि ती मी मोडणार नाही. मला तुझी बरबादी हवी आहे, माझी नाही.

बाहेर आलो तेव्हा तुझ्या पोटाला जांभळा पट्टा होता, माझ्या पोटालाही. तू सगळ्यांना मिठ्या मारत होतास. मलाही मारलीस. म्हणालास, "पोरा, आता आपल्याला समुद्राची भीती नाही. एकाच दीक्षेतले आपण, भाऊच झालो!"

भाऊ म्हणालास.

चंद्राची सहावी. सकाळी.

आता मुद्द्यावर येतो. फार भटकलो.

तुझ्या पोटावर आहे तो पट्टा देवांचा नाही. माझा आहे.

दीक्षेनंतर दोन दिवसांनी सगळे गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेलो होतो ना? तू सगळे कपडे चिनारच्या फांदीला टांगलेस, पट्टाही, आणि पाण्यात गळ्यापर्यंत बसून मासेमारीच्या थापा मारायला लागलास. त्याआधी एक पूर्ण दिवस मी आणि मिका तुतीखाली बसलो होतो. सिमोसच्या जुन्या अंगरख्याचा काठ फाडून घेतला होता. फळं काळी पिकलेली. मिकानं रस काढला, शिरका घातला आणि पट्टी बुडवली. तिची आई रंगारीण होती, तिला हात आहे.

ती म्हणाली, "दाम्या, हा रंग कच्चा आहे. खऱ्या पट्ट्याचा शंखाचा रंग समुद्रातून येतो, समुद्रात टिकतो. तुतीचा रंग घामानंसुद्धा उतरेल."

"उतरू दे. तोवर तो समुद्रात असेल."

"आणि मग?"

"मग त्याला कळेल, आपल्याला कुणी तोडून टाकलं की कसं वाटतं."

तिनं तोंड वाकडं केलं पण पट्टी पिळून वाळत घातली. तू पाण्यात थापा मारत होतास आणि मी फांदीवरचा पट्टा बदलला. बस, इतकंच. खरा पट्टा माझ्या गाठोड्यात आहे, कांद्यांच्या खाली.

नुसतं बदलून भागत नव्हतं, हे मला तू निघून गेल्यावर कळलं. ज्याला माहीतच नाही तो मजेत जहाज हाकेल आणि मजेत बुडेल. मला तसं नको आहे. तू बेटावर असावंस, घरी जायला पाण्याशिवाय वाट नसावी आणि तुला कळावं की तुझं पोट उघडं आहे. तुझ्या खलाशांना कळावं की मालकावरून देवांचा हात उठलाय. मग बघू, दोर सोडायला कोण पुढं येतं. मग रोज संध्याकाळी तू लेम्नोसच्या धक्क्यावर बसून पाण्याकडं बघ. पोरगं जसं तुझ्या जहाजाच्या पाठीकडं बघत राहिलं असेल, तसं बघ.

सिमोसला मीच तुझ्याकडं पाठवलं. त्याला यातलं काही ठाऊक नाही. "लेम्नोसची वाईन चांगली असते, म्हाताऱ्याला वाचणारा माणूस हवाय," एवढं सांगितलं तर उडी मारून चढला.

मिका काल रात्रीपासून माझ्याशी बोलत नाही. शेवटचं बोलली ते असं: "तुला म्हाताऱ्याचा राग आहे, कबूल. पण सिम्याचं काय? वाचता वाचता त्याला कळणार की मित्रानं त्याच्या तोंडाचा भोंगा केला. आणि ज्या जहाजाला तू बुडवायला निघालास त्याच जहाजावर तो झोपतोय."

मी म्हणालो, "सिम्याला पोहता येतं."

"थाल्लोसला येत नव्हतं का?"

येत होतं.

वारा पडलाय. स्पंजवाला दुपारी येतो म्हणाला.

चंद्राची सातवी.

स्पंजवाला आला नाही. वारा पडला नव्हता, फिरत होता. काल दुपारीच दक्षिणेकडून काळं चढलं आणि आज पहाटेपासून समुद्र आमच्या कड्यावर डोकं आपटतोय. दक्षिणेचा वारा म्हणजे लेम्नोसहून इकडं येणारा वारा. तू लेम्नोसलाच आहेस, माल भरायला तुला बरेच दिवस लागणार होते, म्हणजे सिमोसही धक्क्यावर वाईन पीत असणार. मी हे मिकाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "मला कशाला सांगतोस? मी विचारलं का?"

शेळ्या आत घेतल्या. एक कमी आहे.

त्याच दिवशी, ऊन आल्यावर.

सिमोस आलाय.

तुझ्या छोट्या होडीतून, तुझ्या तिघा खलाशांबरोबर. होडी खडकावर फुटली, पण माणसं किनाऱ्याला लागली. तो चढण चढून वर आला तेव्हा मी शेळी शोधत होतो. अंगावर कपडा नाही, गुडघे सोललेले, आणि पोटावर ओला पट्टा. पट्टा जवळजवळ पांढरा. त्याच्या बेंबीपासून मांड्यांपर्यंत जांभळे ओघळ उतरलेले.

मिका धावत आली, तिनं आधी पोटाला हात लावला. तिला वाटलं रक्त आहे. मग बोटाला लागलेला रंग तिनं हुंगला आणि माझ्याकडं पाहिलं.

सिमोस दात वाजवत म्हणाला, "दाम्या, हा काठ माझ्या जुन्या अंगरख्याचा आहे. टाका माझा मीच घातलाय, माझ्याइतका वाकडा टाका कुणी घालत नाही. म्हाताऱ्याच्या पोटावर कसा गेला?"

"आधी जहाजाचं सांग."

मग त्यानं सांगितलं ते असं. लेम्नोसला माल निम्मा भरला होता. तू दोन रात्री झोपला नाहीस. तिसऱ्या सकाळी म्हणालास, दोर सोडा, परत बेटावर जायचंय. खलाशी म्हणाले, मालक, आभाळ बघा. तू म्हणालास, "मी देवांशी खोटं बोललोय. या तोंडानं पुढं कुठंच जाता येणार नाही. आधी ते बदलून येतो."

वाटेत वाऱ्यानं गाठलं. जहाज फुटायला लागलं. छोट्या होडीत चौघांपुरती जागा. तू सुकाणू धरून उभा राहिलास, म्हणालास, "मी जहाज खडकापासून लांब धरतो, तुम्ही उतरा." मग एका हातानं पट्टा सोडलास आणि सिमोसच्या पोटाला बांधलास.

सिमोस म्हणाला, "मी म्हटलं, काका, हे तुमचं, मला दीक्षा नाही. तर म्हणाला, 'मी तो खोटं बोलून घेतलाय, माझ्यावर चालायचा नाही. तू खोटं बोलला नाहीस, तू पळालास. तुझ्यावर चालेल कदाचित.' मग कानाजवळ तोंड आणून ओरडला. तुला माहीत आहे त्याचं कुजबुजणं कसं असतं ते. म्हणाला, 'खेचर खरं होतं, पण सगळ्यात वाईट ते नव्हतं. मला काका म्हणणारं पोरगं होतं, त्याचा दोर मी तोडला. थाल्लोस नाव त्याचं. माझ्याकडून पोहोचलं नाही तर त्या पुजाऱ्याला तू सांग.' आणि होडीचा दोर त्यानं स्वतः सोडला. तोडला नाही, गाठ सोडवली, सावकाश. दाम्या, थाल्लोस म्हणजे तुझाच ना?"

मिका आत गेली आणि गाठोड्यातले कांदे बाहेर फेकायचा आवाज आला. खरा पट्टा आणून तिनं माझ्या मांडीवर टाकला.

"घे. जप आता."

स्टिल्पोन, हे मी तुला लिहितोय, पण तू कुठं आहेस? जहाजाच्या डोलकाठीचं लाकूड सकाळीच खालच्या खाडीत लागलंय, शेळ्यांच्या मालकिणीनं ते चुलीसाठी ओढूनही आणलं. तू मला फसवलंस. मला ते नाव तुझ्या तोंडून हवं होतं, माझ्या कानात. तू ते सिमोसच्या कानात ओरडलास आणि गेलास. आता या पत्राचं मी काय करू? लेम्नोसच्या धक्क्यावर बसून कोण घाबरणार? मी इतके दिवस तोंडात धरलेला घास तू वाटेतच पळवलास. दुखवट्याचं जेवलास तसाच.

आणि ही सिमोसची सुटका. हीसुद्धा तूच करायची होतीस? तुझ्या उघड्या पोटावर मी तुती बांधली आणि तू ती माझ्याच मित्राला बांधून दिलीस. सूड घ्यायचा तर आता कुणावर घेऊ? सिमोस चुलीपाशी बसून गरम दूध पितोय आणि मला विचारतोय, "दाम्या, तू काय लिहितोस एवढं? मला दाखव, मी वाचतो." मी पाठ करून बसलोय.

एक क्षण थांब. खालून कुणीतरी हाका मारतंय.

मिका ओरडतेय. हरवलेली शेळी सापडली असं म्हणाली की काय, नीट ऐकू येईना. नाही. शेळी नाही. पलीकडच्या वस्तीवरचा गुराखी गाढव घेऊन चढण चढतोय आणि गाढवावर कुणीतरी पालथं टाकलंय. सिमोस दूध सांडून धावला. आता त्याचाही आवाज येतोय: "म्हातारा! म्हातारा जिवंत आहे! सुकाणूच्या फळीला धरून आला!"

तू.

तुला दारासमोर उतरवलंय. ओठ फाटलेत, एक डोळा सुजलाय. मिका पाणी घेऊन पुढं झाली तर तू हात वर केलास. म्हणालास, "पाणी नंतर. तो पापं ऐकणारा पुजारी कुठं भेटेल? आधी बोलायचंय." ती म्हणाली, "डोंगरापलीकडं, आजोबा. आज तुम्हाला जमणार नाही." तर तू म्हणालास, "मग इथं कुणी ऐकून घेईल का?"

सगळे माझ्याकडं बघतायत. तुझ्या पोटावरही फिकट जांभळा पट्टा उमटलाय, घामानं उतरलेला, कापड नसलेला. मांडीवरचा खरा पट्टा मी लपवला नाही. बोरू अजून हातात आहे, म्हणून तेवढं लिहून घेतो: मी उठणार आहे, आणि माझं नाव मी तुला आधी सांगणार आहे, मग तू बोल.

पण तू मला ओळखलं नाहीस. एका डोळ्यानं बघतोस आणि ओरडून विचारतोस, "काय लिहितोस रे पोरा? वाच की जरा मोठ्यानं. मला ऐकू कमी येतं."